आबांची बंद पेटी आणि कापूस वेचणाऱ्याचं गिटार



हे लिहिणारे आम्ही म्हणजे वालूरच्या बौद्ध वस्तीतलं एक घर. आम्ही तीन भाऊ, एक बहीण, सुना, पोरंसोरं. लिहायचं काम धाकट्याकडं दिलं आहे, पण सांगणारे सगळेच आहेत. एकानं सांगितलं की दुसरा त्यात दुरुस्ती करतो. म्हणून एवढ्या एका लेखाला दोन आठवडे लागले.

गोष्ट आमच्या आबांची आहे, त्यांच्या पेटीची आहे, आणि हजारो कोसांवरच्या एका माणसाची आहे. त्या माणसानं वालूरचं नाव कधी ऐकलं नसेल. आम्हीही त्याचं नाव चार वर्षांपूर्वीपर्यंत ऐकलं नव्हतं.

सुरुवात दुखऱ्या जागेपासून करतो. १४ एप्रिल २०१६. बाबासाहेबांची १२५ वी जयंती. त्या वर्षी गावोगाव झाली तशी आमच्याकडंही जोरात तयारी होती. निळ्या पताका, कमान, बाहेरगावाहून आणलेला डीजे. भाषणं झाल्यावर अर्धा-पाऊण तास आबांच्या गायन पार्टीचा, हा आमच्याकडचा जुना रिवाज. आबा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. इस्तरीचा पांढरा सदरा घालून ते पेटीवर बसले. पहिलं गाणं नीट झालं. दुसऱ्याला पोरांनी गाडीवरचे स्पीकर तपासायला सुरुवात केली. धडाड, धडाड असा आवाज यायला लागला. ढोलकीवाला चुकला. आबांनी डोळ्यांनीच त्याला सावरून घेतलं. मग मागून आवाज आला, "आजोबा, बास करा आता! डीजे लावा!" शिट्ट्या वाजल्या. कोणी तरी टाळ्यांचा ठेका धरून हुर्यो केली.

त्या पोरांत आमच्या थोरल्याचा मुलगाही उभा होता. त्यानं शिट्टी मारली नाही, असं तो म्हणतो. पण कोणाला थांबवलंही नाही. खरं सांगायचं तर आम्ही तिघं भाऊही खुर्च्यांवर बसून होतो आणि आम्हीही उठलो नाही. चारचौघांत तमाशा नको, असं वाटलं.

आबांनी गाणं मध्येच सोडलं नाही. शेवटचं कडवं म्हटलं, हात जोडले, जयभीम केला आणि खाली उतरले. पेटी स्वतः उचलून घरी आणली, जुन्या चादरीत बांधली आणि माळ्यावर ठेवून दिली. रागाचा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. सहा वर्षं ती पेटी खाली आली नाही.

आबांचं गाणं आलं कुठून, तेही सांगितलं पाहिजे. आमचे आजोबा सालगडी होते. आबा लहानपणी गुरं राखत आणि मोसमात कापूस वेचायला जात. आमचा सेलू तालुका, शेजारचा मानवत, हा सगळा काळ्या मातीचा आणि कापसाचा मुलूख. कापूस वेचताना बायकांची गाणी चालत. एक म्हणायची आणि बाकीच्यांनी ओळ उचलायची. आबांच्या कानावर पहिलं गाणं पडलं ते तिथं. पुढं वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं त्यांना पेटी शिकवली. सा रे ग म त्यांना लिहून दाखवता येत नव्हते, बोटं ठेवून दाखवता येत होते.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आबा चोवीस वर्षांचे होते. दिवसभर खडी फोडायची, सुकडी खायची, संध्याकाळी कामाच्या जागेवरच गाणं. आबा म्हणतात की त्या वर्षी पोटात काही नव्हतं, म्हणून आवाज लांब जायचा! पेटी, ढोलकी, खंजिरी, टाळ आणि एक बेंजो. त्यातूनच पार्टी उभी राहिली. सेलू, जिंतूर, पाथरी, मानवत या तालुक्यांतल्या किती गावांत ही माणसं गेली असतील त्याची मोजदाद नाही. कधी बैलगाडीनं, कधी एसटीच्या टपावर पेटी बांधून. बिदागी म्हणजे नारळ आणि जमेल ते. दुसऱ्या दिवशी पुन्हा रोजानं कामावर.

गाणी वामनदादांची, इतर कवींची, काही आबांनी स्वतः जुळवलेली. सगळी एका वहीत. वहीचं पुठ्ठं तीनदा बदललं, आतली पानं तीच आहेत. ऐंशीच्या दशकात कापसाच्या पैशातून घरात टेपरेकॉर्डर आला. प्रल्हाद शिंद्यांची कॅसेट लावायची, एक ओळ ऐकायची, थांबवायची, पेटीवर काढायची, पुन्हा मागं न्यायची. कॅसेटची फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवायचं काम आम्हा पोरांचं. आमचं बालपण त्या फितीबरोबर फिरलं आहे.

आता २०२२ कडं येतो. ऑक्टोबर संपत आला होता. पहिली वेचणी घरात येऊन पडली होती. ज्यांच्या घरी कापूस येतो त्यांना माहीत आहे, पुढची खोली कापसानं भरली की माणसांना बसायला जागा राहत नाही, सगळे कापसावरच बसतात. आमच्या बहिणीचा मुलगा कल्याणला साउंड भाड्यानं देणाऱ्याकडं कामाला आहे. स्पीकर उचलणं, वायरी ओढणं, माइक लावणं. तो दोन दिवसांसाठी आला होता. रात्री जेवणं झाल्यावर त्यानं मोबाइलला छोटा स्पीकर जोडून एक इंग्रजी गाणं लावलं. शब्द आम्हाला कोणालाच कळत नव्हते.

आबा कापसाच्या ढिगाला टेकून पडले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "हे कोन रडायलंय रे?"

"आबा, ते गिटार हाय."

"गिटार हाय ते कळलं. वाजवनारा कोन हाय?"

"अमेरिकेचा हाय आबा. काळा मानूस. बी. बी. किंग म्हनतात. लहानपनी कापूस वेचायचा."

आबा उठून बसले.

भाच्यानं त्या रात्री जे सांगितलं आणि नंतर आम्ही पोरांकडून शोधून घेतलं, ते असं. या माणसाचं खरं नाव रायली किंग. जन्म १६ सप्टेंबर १९२५, अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, इटा बेना गावाजवळच्या कापसाच्या मळ्यावर. तिथं गुलामी कायद्यानं १८६५ सालीच संपली होती. पण जमीन गोऱ्या मालकाची आणि राबणारे काळे, हे तसंच चालू होतं. पीक बटईनं करायचं, बियाणं-खाणं मालकाकडून उधार घ्यायचं, आणि हिशेबाच्या दिवशी कष्ट करणाऱ्याच्या अंगावरच बाकी निघायची. हा हिशेब आमच्या आजोबांना कोणी समजावून सांगावा लागला नसता.

रायलीनं कापूस वेचला, खेचराच्या नांगरामागं चालला, पुढं मळ्यावर ट्रॅक्टर चालवला. गाणं शिकला ते चर्चमध्ये. चाळिशीच्या दशकात गिटार घेऊन मेम्फिस शहरात गेला. तिथल्या रेडिओवर गाऊ लागला आणि बी. बी. हे नाव तिथंच पडलं. 'ब्लूज बॉय' याची ती अक्षरं. ब्लूज म्हणजे कापसाच्या रानातून आलेलं काळ्या माणसांचं दुःखाचं गाणं. त्याचा साधा साचा असा की पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. आबा लगेच म्हणाले, "मंग हे आपलंच झालं की."

त्याच्या गिटारचं नाव ल्यूसिल. ही गोष्ट आमच्या बायकांना फार आवडली. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यात ट्विस्ट नावाच्या गावी एका लाकडी नाचघरात तो वाजवत होता. ऊब यावी म्हणून मध्ये रॉकेलचं पिंप पेटवून ठेवलेलं. दोन माणसांची मारामारी झाली, पिंप लवंडलं, आग लागली. सगळे बाहेर पळाले. किंगही पळाला. पण गिटार आत राहिलं म्हणून तो जळत्या घरात परत शिरला आणि थोडक्यात वाचला. दोन माणसं त्या आगीत गेली. मारामारी ल्यूसिल नावाच्या बाईवरून झाली होती असं नंतर कळलं. पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही हे लक्षात राहावं म्हणून त्यानं गिटारला तेच नाव ठेवलं. पुढं त्याची अनेक गिटारं झाली, पण नाव सगळ्यांचं ल्यूसिल.

आणि मग भाच्यानं ती गोष्ट सांगितली. साठच्या दशकात किंगचं नाव मोठं होतं. १९५६ या एका वर्षात त्यानं ३४२ कार्यक्रम केले होते. पण काळ्या तरुणांची आवड बदलली. त्यांना 'सोल' हवं होतं. सोल म्हणजे चर्चच्या गाण्याचा आवेग आणि नाचाचा ठेका एकत्र. त्यात ताठ मान होती, नवी ऐट होती. ब्लूज ऐकलं की त्यांना कापसाचं रान आठवायचं, आजोबांची वाकलेली पाठ आठवायची. ती आठवण त्यांना नको होती. अशा तरुणांच्या एका कार्यक्रमात किंगचं नाव पुकारलं आणि त्याच्याच समाजाच्या पोरांनी त्याची हुर्यो उडवली. तो मंचावर रडला.

कापसाच्या खोलीत कोणी बोललं नाही. थोरल्याचा मुलगा दाराशी उभा होता. तो खाली बघत होता. आबांनी त्याच्याकडं पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही. एवढंच विचारलं, "मंग तेनं काय केलं? गानं सोडलं का?"

नाही सोडलं. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात गोऱ्या तरुणांनी उभं राहून त्याचं स्वागत केलं, तेव्हाही तो रडला. लोक डोक्यावर घ्यायला लागले, ग्रॅमी पुरस्कार मिळाला, १९७० साली शिकागोच्या तुरुंगात जाऊन कैद्यांपुढं गायला. पण ज्या पोरांनी हुर्यो केली ती पोरं तर घरचीच होती. त्यांचं काय? १९७३ साली किंग फिलाडेल्फियाला गेला.

त्या वर्षी त्यानं केलेल्या रेकॉर्डचं नाव 'टू नो यू इज टू लव्ह यू'. म्हणजे तुला ओळखणं हेच तुझ्यावर प्रेम करणं. फिलाडेल्फियाचा सिग्मा साउंड हा स्टुडिओ त्या काळी सोल गाण्यांचं माहेरघर होता. तिथले वादक रोज तरुणांची गाणी वाजवणारे. निर्माता डेव्ह क्रॉफर्ड. किंगचं वय सत्तेचाळीस. ज्या गाण्यावरून रेकॉर्डला नाव दिलं ते स्टीव्ही वंडर आणि सिरीटा राइट यांचं. स्टीव्ही वंडर जन्मापासूनच्या अल्पकाळात दृष्टी गेलेला, वय अवघं तेवीस, आणि पोरांच्या गळ्यातला ताईत. स्वतः येऊन त्यानं किंगच्या मागं इलेक्ट्रिक पियानो वाजवला. मुलाच्या वयाच्या माणसाचं गाणं वडीलधाऱ्यानं घेतलं आणि मुलानं मागं बसून साथ केली.

हे गाणं आठ मिनिटांहून मोठं आहे. आम्ही ते इतक्या वेळा ऐकलं आहे की शब्द न कळताही कुठं काय येतं ते सांगू शकतो. आधी ठेका बसतो. ड्रम आणि खालच्या आवाजाचं गिटार यांची जोडी सारखी चालत राहते, जात्यासारखी. तो ठेका पोरांचा आहे, पाय हलवणारा. त्यावर पितळी वाद्यं मधूनमधून हाक देतात. मग किंग गातो. ओळ संपली की आवाज थांबतो आणि ल्यूसिल बोलते. दोन्ही एकदम कधीच नाही. गाणं आणि वाजवणं आपल्याला एका वेळी जमत नाही असं तो स्वतःच सांगायचा. म्हणून तो ओळ गातो आणि गिटार तिला उत्तर देतं. फार सूर लावत नाही. एकच सूर धरतो आणि बोटानं असा थरथरवतो की तो सूर माणसाच्या गळ्यासारखा होतो.

आबांनी एक गोष्ट पकडली, ती आम्हा कोणाच्या लक्षात आली नव्हती. ते म्हणाले, "ठेका त्यायचा हाय, पन हा मानूस घाई करत न्हाई. ठेका पळतो, तो पळत न्हाई. आपल्या जाग्यावर बसून हाय." आमच्या मते त्या रेकॉर्डबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही. किंग पोरांच्या घरी पाहुणा गेला, त्यांच्या ताटात जेवला, पण बोलला आपल्याच बोलीत.

पुढच्या काही दिवसांत आमच्या घरात वाद झाला. मधल्याचं म्हणणं होतं की त्या अमेरिकेच्या माणसाचं आपल्याला काय? आपली चळवळ, आपले शाहीर, आपलं गाणं. तिकडचं आणून इथं कशाला मिरवायचं? धाकट्यानं त्याला आठवण दिली की बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची कागदपत्रं मागवली, आणि डू बॉईस यांनी त्यांना उत्तरही लिहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच. म्हणजे ही ओळख काल मोबाइलवर झालेली नाही.

आबांनी वाद निराळ्या रीतीनं मिटवला. ते म्हणाले, प्रल्हाद शिंद्यांचा गळा कशानं घडला? १९३३ साली मंगळवेढ्यात जन्मलेला हा माणूस आईवडिलांबरोबर भजन-कीर्तनात गायला आणि नंतर इस्माईल आझाद कव्वालांच्या संगतीत कव्वाली शिकला. त्यांच्या भीमगीतात जी ललकारी आहे, टाळीचा जो जोर आहे, तो कव्वालीचाच आहे. ते भीमगीत गायले आणि पंढरीची वाटही त्याच गळ्यानं गायले. वामनदादा कर्डकांचा जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं तेही हिंदी सिनेमाच्या चालीवरचं विडंबन. त्याहीआधी भीमराव कर्डकांच्या जलशानं तमाशाचाच साचा घेतला आणि त्यात समाजाचा सवाल बसवला. आपल्या माणसांनी चाल बाहेरून घेतली, शब्द घरचे घातले. घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा घेऊन विसरण्यात आहे.

बेंजोचंच बघा. आपल्या पार्टीत जो बेंजो वाजतो, बटणं दाबून तारा छेडायचा, तो जपानी वाद्यावरून आलेला. अमेरिकेत ज्याला बेंजो म्हणतात ते वेगळं वाद्य, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी घडवलेलं. दोन्ही वाद्यं निराळी, नाव एक. आणि दोन्ही वाजली ती राबणाऱ्या माणसांच्याच हातात.

त्यानंतर एका सकाळी थोरल्याच्या मुलानं कोणाला न विचारता माळ्यावरून पेटी खाली काढली. चादर सोडली. भाता उंदरांनी कुरतडला होता, चार पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. तो पेटी घेऊन परभणीला गेला आणि दुरुस्त करून आणली. स्वतःच्या पैशानं. आबांसमोर ठेवली आणि म्हणाला, "आबा, त्या दिवशी मी गप बसलो." एवढंच. आबांनी पेटी उघडली, सूर धरला, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "काळी चार अजून कच्ची वाजती. आन पुन्हा घेऊन जा." आमच्या घरात माफी अशीच मागतात आणि अशीच देतात.

मग पोरांच्या डोक्यात आलं की आबांचा आवाज भरून ठेवायचा. पैसे कसे जमवले ते सांगत नाही, ज्यांनी दिले त्यांना आवडणार नाही. परभणीत एका छोट्या स्टुडिओत दोन दिवस घेतले. स्टुडिओ म्हणजे एका दुकानाच्या वरची खोली, भिंतीला गाद्यांसारखा फोम लावलेला.

पहिला दिवस वाया गेला. आबांच्या कानाला हेडफोन लावला, त्यात टिक-टिक आवाज सोडला आणि सांगितलं की या टिक-टिकवर गा. आबा दोन ओळींत पुढं जायचे किंवा मागं राहायचे. काचेपलीकडून पुन्हा, पुन्हा असं सांगितलं जायचं. दुपारी आबांनी हेडफोन काढला. म्हणाले, "पुढं मानूस न्हाई, कोनाला म्हनू? भिताडाला?"

भाचा कल्याणहून आला होता. त्यानं डोकं चालवलं. दुसऱ्या दिवशी आमची आई, काकू आणि वस्तीतल्या दोन बायका, ज्या आबांबरोबर कापूस वेचायच्या आणि कोरस धरायच्या, त्यांना गाडीत बसवून आणलं. चौघींना आबांसमोर बसवलं. टिक-टिक बंद. ढोलकीवाला जुनाच, सत्तरीतला. आधी यांनी आपल्या लयीत गायचं आणि पोरांनी नंतर त्यावर आपला ठेका बसवायचा, असं ठरलं. बायकांनी पहिली ओळ उचलली आणि आबांचा आवाज असा सुटला की काचेपलीकडचा मुलगा खुर्चीतून उठून उभा राहिला. दिवसभरात पाच गाणी झाली. त्यातलं एक आबांचं स्वतःचं, कापसाच्या वेचणीवरचं. दुष्काळानंतरच्या वर्षी जुळवलेलं. ते आम्ही मुलांनीही पहिल्यांदाच ऐकलं.

नंतर पोरांनी त्याला खालचा ठेका दिला, कीबोर्डवर चर्चच्या बाजासारखा सूर भरला, एका गाण्यात गिटारही घेतलं. सगळंच जमलं असं नाही. एका गाण्यात ठेका इतका मोठा झाला की ढोलकी बुडाली. आबांनी ऐकून सांगितलं, "पाव्हनं घरात आलं म्हनून घरवाल्याला भायेर काढू नका." पोरांनी तो कमी केला. एक गाणं शेवटी तसंच ठेवलं, नुसती पेटी, ढोलकी आणि बायकांचा कोरस. आम्हाला तेच सगळ्यात आवडतं. पोरांना दुसरं आवडतं. असू द्या.

पण खरं भांडण झालं ते शेवटच्या कडव्यावरून. पोरांचं म्हणणं, गाणं लांबतं, शेवटचं कडवं काढू. आजकाल रिमिक्समध्ये तसंच करतात. आबा चिडले. सहा वर्षं जे चिडले नव्हते ते त्या दिवशी चिडले. कारण आपल्या गाण्यात कवीचं नाव शेवटच्या कडव्यात असतं. वामनदादांचा वामन तिथंच भेटतो. ज्या माणसांना सही करायला कोणी कागद दिला नाही, त्यांनी गाण्यातच सही करून ठेवली. कडवं काढलं की सही गेली. मग गाणं राहतं, आणि कोणाचं विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. २००४ साली १५ मे रोजी वामनदादा गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. सव्वा महिन्यात दोघं. त्यांचं नाव गाण्यातून काढायचं काम आपल्याच पोरांनी करायचं का, असं आबांनी विचारलं. पाचही गाण्यांत शेवटचं कडवं आहे.

१४ एप्रिल २०२४ रोजी थोरल्याच्या मुलानं मंडळाकडून वीस मिनिटं मागून घेतली. डीजे होताच, तो आता कुठं जाणार? त्याच स्पीकरमधून पोरांचा ठेका हळू आवाजात सोडला आणि आबा पेटी घेऊन बसले. शहात्तर वर्षांचे. काही पोरं चहा प्यायला निघून गेली, खोटं कशाला सांगा. पण बरीच थांबली. दोन-चार जणांनी ओळ उचलली. बायकांनी तर सगळ्यांनीच उचलली. आबा घाई करत नव्हते. ठेका पळत होता, ते आपल्या जागेवर बसून होते. शेवटचं कडवं म्हटलं, हात जोडले, जयभीम केला. या वेळी पेटी उचलायला चार पोरं पुढं आली.

आमच्या वालूरला जुन्या बारवा आहेत. त्यातली गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची बारव पाहायला आता लांबून माणसं येतात. ती किती वर्षं गाळानं आणि झाडोऱ्यानं भरलेली होती. गावानं गाळ काढला तेव्हा पायऱ्या दिसल्या. पायऱ्या कोणी नव्या बांधल्या नाहीत, त्या होत्याच.

बी. बी. किंग १४ मे २०१५ रोजी वारला, एकोणनव्वदाव्या वर्षी. आमच्या आबांची हुर्यो झाली त्याच्या अकरा महिने आधी. म्हणजे आबा त्याला भेटले ते तो गेल्यावर. त्याच्या त्या रेकॉर्डला पन्नास वर्षं होत आली तरी आमच्या कापसाच्या खोलीत ती वाजली, कारण कोणीतरी ती भरून ठेवली होती.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, एवढंच सांगणं आहे. तुमच्याही घरात, वस्तीत कोणी ढोलकीवाला असेल, कोरस धरणारी आजी असेल, गाण्यांची वही असेल. मोठा स्टुडिओ लागत नाही, हातातला मोबाइल पुरतो. पण समोर माणसं बसवा, भिंतीपुढं गायला लावू नका. गाणं कोणाचं ते विचारून वहीत लिहून ठेवा. शेवटचं कडवं काढू नका. आणि मंचावर म्हातारा माणूस गात असेल, कोणी शिट्टी मारत असेल, तर आमच्यासारखं खुर्चीत बसून राहू नका.

आमची पेटी आता माळ्यावर नसते. काळी चार मात्र अजून कच्चीच वाजते.